मदत हवी आहे: आर.ई.च्या (रिलिजस एज्युकेशन, म्हणजे धर्मशिक्षणाच्या) तासाला मुलंच मला शिकवतायत!

नमस्कार मंडळी. मी लेस्टरला प्राथमिक शाळेत इयर फोरला, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवते. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेत आर.ई. शिकवावंच लागतं, पण अभ्यासक्रम स्थानिक पातळीवर ठरतो. आणि मुलाला त्या तासाला न बसवण्याची मुभा पालकांना कायद्याने आहे. माझ्या वर्गात गुजराती, सोमाली, पोलिश, शीख, शिवाय "आमच्या घरी काहीच नाही" म्हणणारीही मुलं आहेत.

मागच्या आठवड्यात धार्मिक वस्तूंचा डबा उघडला. तळाशी कुराण, त्यावर पितळी गणपती, घंटा, निरांजन. मी काही बोलायच्या आत एका मुलीने कुराण अलगद काढलं आणि खुर्चीवर चढून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. एक शब्द बोलली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी उत्साहाने मोदक, विसर्जन सगळं रंगवून सांगितलं, तर एक गुजराती मुलगा म्हणाला, "मिस, आमच्याकडे असं नाही करत." पुण्यातल्या आमच्या घरालाच मी हिंदू धर्म समजून बसले होते!

तर, एखाद्या मुलाला अख्ख्या धर्माचा वकील न करता त्याच्या घरचं कसं बोलतं करता? वस्तू कशा ठेवता? आणि एका आईने फक्त मशीद-भेटीला मुलाला नेऊ नका अशी चिठ्ठी दिलीय. त्या मुलाला त्या वेळात काय काम द्यावं? भेट येत्या गुरुवारीच आहे.