दसरा ते त्रिपुरी : पोरांना घेऊन कुठे गेलात, आणि स्वतःसाठी काय ठरवलं होतं?

गोकुळपेठवाली

नमस्कार मंडळी. कूलरमधलं पाणी काढायचं की अजून आठ दिवस राहू द्यायचं, यावर घरात दोन तट पडले की समजायचं, नागपुरात शरद ऋतू आला. दुपारी ऑक्टोबर हीट डोकं फोडते आणि पहाटे साडेपाचला पायाशी चादर शोधावी लागते. पोरांना सुट्ट्या असतात. आपणही दसऱ्याला आपट्याची पानं वाटता वाटता मनात काहीतरी ठरवून टाकतो.

तर दोन गोष्टी सांगा. एक, या दिवसांत लेकरांना घेऊन कुठे कुठे गेलात? लांबच्या सहली सोडा, डबा भरून संध्याकाळपर्यंत घरी येता येईल असं. दुसरी, स्वतःसाठी काय ठरवलं होतं आणि त्याचं काय झालं? फसलेलं असेल तर आधी सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. दसऱ्याला ठरवलं, दिवाळीपर्यंत न थांबता पाच किलोमीटर पळायचं. वय 41, शेवटचं पळाले ते दहावीच्या क्रीडादिनाला. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालचे रस्ते सकाळी बरे असतात, म्हणून तिथे. मुलाला (वय 9) घरी एकटं ठेवता येत नाही, तो सायकलवर सोबत. त्याच्या सायकलची चेन दर दहा मिनिटांनी उतरायची. मी थांबायची, काडीनं चेन चढवायची, बोटं काळी व्हायची. वरून चिडचिड दाखवायची आणि आतून देवाचे आभार मानायची, की दम खायला कारण मिळालं.

दुसऱ्या रविवारी नवऱ्यानं कौतुकानं सायकल दुरुस्त करून आणली. त्या दिवशी 1.8 किलोमीटरवर मी फुटपाथवर बसले. दिवाळीच्या आदल्या रविवारचा आकडा 3.2. पुढे फराळ आला आणि विषय संपला.

खापरी_शिफ्ट

मी मिहानमध्ये काम करतो, शिफ्ट फिरती. बायकोचं म्हणणं असं की मी घरी असलो तरी फोनमध्येच राहतो. चूक नाही तिचं. म्हणून ठरवलं, महिन्यातून एक रविवार फोन घरी ठेवून बाहेर पडायचं. पहिला नंबर रामटेकचा. सासरे, बायको, दोन पोट्टे आणि मी, सकाळी सातला निघालो. पन्नासेक किलोमीटर तर आहे.

गडावर माकडांनी मोठ्याच्या हातची केळी नेली, हे नेहमीचंच. उतरताना सासऱ्यांनी केवल नरसिंहाच्या मंदिरात नेलं. वाकाटकांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं. मी पंचवीस वेळा रामटेकला गेलो असेन, तिथे एकदाही शिरलो नव्हतो. आत लाल दगडाची ही भली मोठी नरसिंहाची मूर्ती, ऐटीत बसलेली. धाकटा म्हणे, "बाबा, हा तर तुमच्यासारखाच बसला आहे, टीव्ही पाहताना." फोन असता तर फोटो काढला असता आणि ते वाक्य ऐकलंच नसतं, असं मी घरी येऊन बायकोला म्हटलं. ती म्हणाली, फोटो मी काढला आहे.

आता फजिती. खाली रस्त्याच्या कडेला एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. बाकीचे पुढे गाडीपाशी गेलेले. तिनं अर्धा किलो तोलले, चाकूनं दोन्हीकडची शिंगं उडवून मधोमध चीर देऊन एक माझ्या हातावर ठेवला. वरून काळा ठिक्कर, आत पांढरा, कोमट, पिठूळ. मी तिथेच पाच-सहा खाल्ले. मग पैसे द्यायला खिशात हात घातला तर ना फोन ना पाकीट. हल्ली पाकीट ठेवतो कोण? वरच्या खिशात चाळीस रुपये निघाले, झाले होते साठ. बाई म्हणाली, "राहू द्या दादा, पुढच्या येळी द्या." गाडीपाशी येईपर्यंत पोट्ट्यांनी उरलेल्यांवर झडप घातली, वीस रुपयांचं मी विसरलो, आणि आठवलं ते मनसर ओलांडल्यावर. अजून दिले नाहीत. सांगायला लाज वाटून राहिली, पण तुम्ही म्हटलं ना, फसलेलं आधी सांगा.

बेझनबागची_लेक

आमची सहल ठरलेली असते, दीक्षाभूमी. बाहेरगावचे लोक विचारतात, 14 ऑक्टोबर की दसरा? 1956 साली 14 ऑक्टोबरलाच विजयादशमी होती, म्हणून दोन्ही. आम्ही घरचे 14 तारखेला शांतपणे जाऊन येतो आणि दसऱ्याला पाहुण्यांना घेऊन पुन्हा जातो. यंदा घरी तेरा माणसं होती. परभणीची मोठी आत्या, तिच्या जावा, त्यांची लेकरं. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, बाथरूमसाठी पहाटे चारपासून नंबर.

माझं ध्येय वेगळं नाही, जुनंच. मुक्त विद्यापीठाचं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं, लेक पोटात होती. ती आता सहावीत आहे. या वर्षी पुन्हा प्रवेश घेतला, आणि ठरवलं की दिवाळीच्या आत एका विषयाचं पुस्तक पूर्ण वाचून काढायचं. शिकवण्या नाहीत, सुट्टी नाही, रोज रात्री दहा पानं.

दीक्षाभूमीला पुस्तकांच्या दुकानांची जी रांग लागते, ती पाहिली नसेल तर एकदा पाहाच. माणसं कपडे-खेळणी घेऊन परततात तशी इथून पिशव्या भरून पुस्तकं घेऊन परततात. आत्याला वाचता येत नाही. ती दरवर्षी एक पुस्तक घेते, घरी नेऊन नातवाकडून वाचून घेते. यंदा लेकीला म्हटलं, पन्नास रुपयांत तुला हवं ते घे. ती पाऊण तास पुस्तकं चाळत बसली, मी तिच्या मागे उभी, गर्दीचे धक्के खात. शेवटी तिनं संविधानाची उद्देशिका छापलेलं कार्ड घेतलं, दहा रुपयांचं, आणि उरलेल्या चाळीसची कुल्फी.

त्या रात्री तेरा माणसं झोपल्यावर स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून मी दहा पानं वाचली. आत्या पाणी प्यायला उठली. मला पाहून काही बोलली नाही, दिवा तेवढा माझ्याकडे वळवून गेली. पुस्तक अजून 60 पानं शिल्लक आहे. परीक्षेचा फॉर्म भरला आहे.

कूलरविरोधी

फुटाळ्याला कोजागिरीला गेलो. चंद्र दिसला, त्याहून जास्त डास दिसले. दुधात केशर कमी, गर्दीची धूळ जास्त. दोन्ही मुली रात्री साडेनऊला झोपल्या, त्यांना खांद्यावर टाकून पार्किंगपर्यंत चाललो, तोच व्यायाम. स्वतःसाठी ठरवलं होतं सिगारेट सोडायची. 19 दिवस झाले. जास्त विचारू नका.

भुलोजीची_सासू

(नाव गमतीनं घेतलं आहे, मी 38 वर्षांची आहे.)

आमची सहल कॉलनीतल्या कॉलनीत, सहा घरं. विदर्भातल्या बायकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. ज्वारीच्या ताट्यांचा मखर, त्यात भुलाबाई, भुलोजी आणि बाळ. मुली घरोघरी जाऊन गाणी म्हणतात आणि मग खिरापत ओळखायची. आमच्या लहानपणी महिनाभर चालायचं. आता बहुतेक ठिकाणी कोजागिरीची एकच रात्र.

यंदा मी ठरवलं की आईला येणारी सगळी गाणी वहीत उतरवायची. आईला विसरायला होतं हल्ली. सकाळची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही. तिला नुसतं "आई, गाणी सांग" म्हटलं तर एकही आठवेना. वही घेऊन समोर बसले तर ती संकोचून गप्प. मग लेकीच्या चार मैत्रिणींना रोज संध्याकाळी बोलावलं आणि आईला त्यांच्यासोबत टाळ्या वाजवायला बसवलं. मी दाराआड वही घेऊन. हात टाळीला लागले की शब्द यायचे. मध्येच एखादी ओळ निसटायची, मग ती तोच ठेका धरून "हूं हूं" करत पुढच्या ओळीवर उतरायची. मी वहीत तिथे "हूं हूं" असंच लिहिलं आहे.

खिरापत ओळखणं तर काय सांगू. डबा कानाशी हलवायचा. आवाज आला तर फुटाणे किंवा फल्लीदाणे, नाही आला तर शिरा. पोरींनी विचारलं, "काकू, ऑनलाइन मागवलेलं आहे का?" एका घरी डबा हलवला तर आत काहीच हलेना. वडी, लाडू, ढोकळा, पिझ्झा सगळं सांगून झालं. आई शांतपणे म्हणाली, "रिकामा आहे." खरंच रिकामा होता! त्या घरच्या बाईनं डबे बदलताना चुकीचा डबा आणला होता.

सोळा गाणी झाली. त्यातली पाच पूर्ण.

शनिवारचा_बाप

मुलगा सहा वर्षांचा, शनिवारी माझ्याकडे असतो. कारण इथे सांगत नाही. पहिले काही महिने मी दर शनिवारी मॉलमध्ये नेऊन काहीतरी घेऊन द्यायचो. कपाटात 14 गाड्या झाल्या आणि एकदा त्यानं दारातच विचारलं, "आज काय घेणार?" तेव्हा फार वाईट वाटलं. दसऱ्याला ठरवलं, त्रिपुरीपर्यंत खेळणं एकही नाही.

मग मेट्रो. खापरीला बसायचं, ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जायचं आणि परत. वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर आपण, हे त्याला अजून खरं वाटत नाही. दर वेळी काचेला नाक लावून ट्रकांचे टप मोजतो. बर्डीला ऑरेंज लाइन सोडून अॅक्वा लाइनला जायचं असलं की मला हात धरून तोच नेतो. एकदा झिरो माइलला उतरलो. दगडी खांब, चार घोडे. मी सांगू लागलो की इंग्रजांच्या मोजणीतला हा खांब, 1907 चा. त्याला त्यात रस नव्हता. त्याला घोड्यांचे दात बघायचे होते. वीस मिनिटं दात.

चौथ्या शनिवारी संत्रा गोळ्यांचं एक पाकीट घेतलं. ते खेळण्यात धरू नये अशी विनंती.

पक्षीवही

चाळिशीच्या आत शंभर पक्षी ओळखायचे, एवढंच ध्येय. सध्या 71. पेंच पावसाळ्यानंतर 1 ऑक्टोबरला उघडतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात सिल्लारीहून सफारी केली. नवरा आणि मुलगा वाघासाठी, मी पक्ष्यांसाठी. ऑक्टोबरात जाणाऱ्यांना आधीच सांगते, गवत माणसापेक्षा उंच असतं. वाघ दहा फुटांवर बसला असला तरी तुम्हाला दिसणार नाही. मुलगा दोन तास तोंड पाडून बसला. मग दोन झाडांच्या मध्ये कोळ्याचं जाळं दिसलं. केवढं, तर आमच्या बैठकीतल्या खिडकीएवढं. उन्हात सोनेरी दिसत होतं, मधोमध हाताच्या पंजाएवढी मादी, आणि तिच्याच जाळ्यात कडेला बोटाच्या पेराहून लहान नर. गाईडनं सांगितलं तो नवरा आहे. आमच्याकडचे नवरे एकदम गप्प. मुलाला आता वाघ नको, कोळी हवे आहेत. घरातली जाळी काढायची सोय राहिली नाही.

पक्षी? तीन नवे, म्हणजे 74.

काटोलचा_मधला

राहतो त्रिमूर्तीनगरात, शेती काटोलकडे. आमची सहल म्हणजे आजोबांची संत्र्याची बाग. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या फुलांची फळं आता रंगावर येतात, पण त्याआधी भादव्यापासून गळ सुरू होते. रोज सकाळी झाडाखाली फळं पडलेली. कोणी पाणी साचल्याचं सांगतं, कोणी बुरशीचं, कोणी फळमाशीचं. बाबांच्या मते मी शहरात गेल्यामुळे.

माझं ध्येय वजन-बिजन नव्हतं. बाबांशी एक अख्खा दिवस भांडण न करता बोलायचं. तीन वर्षांपासून एकच विषय आहे, अर्धी बाग विकायची का. मी विका म्हणतो, ते दुसरंच काहीतरी बोलतात.

पहिल्या रविवारी सव्वा अकराला भांडण. दुसऱ्या रविवारी त्याआधीच, चहाच्या वेळी. तिसऱ्या रविवारी मुलीनं (वय 8) काम काढलं, गळलेली फळं मोजायची. टोपलं घेऊन ती पुढे, मागे बाबा, त्यांच्या मागे मी. बाबा प्रत्येक झाडाशी थांबून तिला सांगत होते, हे कलम कधी लावलं, ज्यावर कलम बांधतात तो खालचा जंबेरीचा खुंट कसा ओळखायचा, या झाडाला तुझ्या आजीनं माठानं पाणी घातलं. मला हे कधी सांगितलं नव्हतं. किंवा मी विचारलं नव्हतं. चार ओळींत 214 फळं. तिनं आकडा वहीत लिहिला आणि खाली बाबांची सही घेतली.

त्या दिवशी भांडण झालं नाही. बागेचा विषयही निघाला नाही, म्हणजे ध्येय पूर्ण धरायचं की कसं, तुम्हीच सांगा.

भुलोजीची_सासू

@काटोलचा_मधला, पूर्ण धरा. आमच्या वहीत "हूं हूं" पण गाणंच धरलं आहे.

गोकुळपेठवाली

सगळे अनुभव नवऱ्याला वाचून दाखवले. सिगारेटवाल्यांना त्याचा नमस्कार. आम्ही त्रिपुरीला रामटेकच्या जत्रेत जात आहोत. @खापरी_शिफ्ट, ती शिंगाडेवाली नेमकी कुठे बसते? तुमचे वीस रुपये देऊन टाकीन.

खापरी_शिफ्ट

गडावरून उतरलं की डाव्या हाताला, निळी छत्री, शेजारी सायकलचं पंक्चरवालं दुकान आहे. ताई, वीस नको, तीस द्या. आणि मुलाच्या सायकलची चेन परत ढिली करून घ्या.