धागा: दुसऱ्याचं बघून पोटात दुखलं तेव्हा...

खून, चोरी कधीतरी उघडकीला येतात. बायबलमधल्या दहा आज्ञांतली 'लोभ धरू नको' ही आज्ञा मात्र रोज मोडली तरी कुणाला पत्ता लागत नाही. निर्गम 20:17 मध्ये शेजाऱ्याचं घर, बायको, दास, दासी, बैल, गाढव अशी यादीच आहे. तुमच्या यादीत काय होतं? वचनं सगळ्यांना पाठ आहेत, घडलेलं लिहा. नाव नको, गाव पुरे.

वसई
आम्हा कॅथलिकांत या आज्ञेच्या दोन होतात, नववीत बायको आणि दहावीत मालमत्ता. माझं घोडं दहावीत अडलं. शेजारच्यांनी वाडी बिल्डरला दिली आणि वर्षभरात दारात गाडी आली. बाबा केळी आणि बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, धरून बसलेले. रोज जेवताना मी तोच विषय काढायचो. एकदा ते ताटावरून उठले आणि अंधारात बावखलाच्या काठावर जाऊन बसले. तरी मी थांबलो नाही. शेवटी अर्धी वाडी दिली, बावखल त्याच अर्ध्यात. भरावाचे डंपर तीन दिवस येत होते. बाबा पायरीवर उभे राहून मोजायचे. किती झाले ते घरात कधी सांगितलं नाही. गाडी आली. विहिरीचं पाणी आता मचूळ लागतं.

अहिल्यानगर
आमच्या मंडळीत हार्वेस्ट फेस्टिवलला शेतातलं आणून देवापुढे ठेवतात, उपासनेनंतर लिलाव. एका घराशी आमचं जुनं वाकडं. त्या वर्षी डांगरावर बोली लागली. बाजारात 40 रुपयांचं डांगर! त्यांनी 1200 म्हटलं, मी 1500. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाळकसाहेब खूश. घरी ही म्हणाली, "देवाला दिलेत का त्यांना दाखवलंत?" आठवडाभर भाजी, घारगे, परत भाजी. दर घासाला त्यांचा पडलेला चेहरा आठवायचा आणि बरं वाटायचं, खरं तेच सांगतो.

पुणे, नर्स
काल लागलेल्या मुलीला माझ्याएवढाच पगार. मत्तय 20 मधले द्राक्षमळ्याचे मजूर आठवले, शेवटी आलेल्यांनाही तेवढीच मजुरी मिळते ते. दिवसभर उन्हात राबलेल्यांची कुरकुर मला अजूनही रास्त वाटते. मालक विचारतो, मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलतं का? सलतं. प्रार्थनेत तसंच सांगितलं. नाइटला तिचा डबा मात्र मीच नेते, का ते विचारू नका.

मराठवाडा, निवृत्त शिक्षक
थोडा विरोधी सूर लावतो. सहा महिने पगार नव्हता. प्रार्थनासभेत संस्थेचे साहेब 1 तीमथ्य 6:6 वर बोलले, चित्तसमाधानासह भक्ती वगैरे. घरी येऊन मी याकोब 5:4 काढलं, तिथे अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला शिकलो, हे फिलिप्पैकरांना पौलाने बंदिवासातून लिहिलं, त्याला कोंडणाऱ्याने नव्हे. शिवाय 'शिकलो' म्हणतो, म्हणजे त्यालाही आधी येत नव्हतं. हक्काचा पगार मागणं लोभात मोडत नाही, एवढं नोंदवून ठेवा.

अहिल्यानगर
वसईवाले, बाबा आहेत का?

वसई
आहेत. उरलेल्या अर्ध्या वाडीत राजेळी केळ आहे. यंदा ती वाळवून सुकेळी केली आणि पहिला पुडा त्याच शेजाऱ्यांकडे देऊन आले. मला ते अजून आवडलेलं नाही.