दोन फुटी फिशटँकसाठी नेमकी कोणती उपकरणं घ्यावीत?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बहिणीने घर बदलताना तिची काचेची टाकी आमच्याकडे दिली. आतलं माप ६० × ३० × ३६ सेंमी. गुणाकार केला तर ६४.८ लिटर येतात, पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी ५५ लिटरच्या आसपास मावेल. सोबत झाकण, खडी आणि घरघर करणारा एक जुना फिल्टर आहे. पाणी अजून भरलेलं नाही, मासेही आणलेले नाहीत.

डोक्यात आहे ते असं: निऑन टेट्रांचा एक थवा आणि तळाशी फिरणारे पाच-सहा कोरीडोरास. लेकीला मात्र गोल्डफिश हवेत.

दुकानदाराने भली मोठी यादी दिली आहे. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, डब्यासारखा), शिवाय एअर पंप, हीटर, यूव्ही दिवा, रंग बदलणारा एलईडी, चुंबकाचा ब्रश, आणि 'काच साफ ठेवायला' एक सकर मासा. यातलं खरंच लागणारं काय आणि हौसेचं काय? टाकी दिवाणखान्यात राहील, त्यामुळे आवाज कमी हवा.
– सोनपंखी

---

सोनपंखी, मासे आणायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. निम्म्या धाग्यांची सुरुवात 'मासे मरताहेत, काय करू' अशी असते.

पैसे आणि विचार, दोन्ही फिल्टरवर खर्च करा. फिल्टरचं मोठं काम कचरा अडवणं नव्हेच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य. म्हणून फिल्टर निवडताना आत स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज (जिवाणू वाढायला सच्छिद्र कड्या) किती बसतात ते आधी बघा.

ताशी प्रवाह टाकीच्या चार ते सहापट असावा असा ढोबळ हिशोब. तुमच्याकडे म्हणजे २२० ते ३३० लिटर. पण खोक्यावरचा आकडा रिकाम्या पंपाचा असतो, स्पंज भरला आणि थोडा मळला की तो बराच खाली येतो. तेव्हा खोक्यावर ४०० च्या आसपास असलेला आणि प्रवाह कमी-जास्त करता येणारा घ्या. एवढ्या टाकीला कॅनिस्टर म्हणजे चैन आहे. मागच्या काचेवर लटकणारा हँग-ऑन पुरेल, पण झाकणाला मागे खाच आहे ना, हे आधी तपासा. नसेल तर आत बसणारा फिल्टर.
– तळ्याकाठी

---

मी स्पंज फिल्टरवाला, त्यामुळे मत एकतर्फी समजा. :) साधा एअर पंप आणि स्पंज, बिघडायला त्यात फारसं काही नाही. वीज गेली तर बॅटरीवरचा पंप त्याच नळीला जोडता येतो. हँग-ऑन बंद पडला की आतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो, आणि तिकडे दुर्लक्ष होतं.

तोटा एकच, आवाज. पंपाची गुणगुण आणि बुडबुड्यांची गुडगुड काहींना सहन होत नाही. पंप मऊ फोमवर ठेवा, भिंतीला टेकू देऊ नका. आणि तो पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवणार असाल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं उतरतं आणि पंपात, तिथून जमिनीवर येतं.
– बुडबुडा

---

गोल्डफिशबद्दल कोणीच कसं बोललं नाही? त्यांना थंड पाणी मानवतं, निऑनला २२ ते २६ अंश लागतं. शिवाय गोल्डफिश प्रचंड घाण करतात, मोठे होतात आणि तोंडात मावेल ते गिळतात, निऑनसुद्धा. ५५ लिटर त्यांना अपुरंच. लेकीला आत्ताच समजवा, नंतर अवघड जाईल.

हीटरचं उत्तर तुमच्या खोलीकडे आहे. तिथे आठवडाभर पहाटे तापमान बघा. २२ च्या खाली जात असेल तर थर्मोस्टॅटवाला हीटर घ्या. लिटरला साधारण एक वॅट, म्हणजे तुम्हाला ५० वॅटचा. खोली फारच गार पडत असेल तर ७५. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर टाकीच्या दुसऱ्या टोकाला लावा. थर्मोस्टॅट बिघडून चालूच राहिला तर मासे उकडतात. पाणी काढायच्या आधी हीटर बंद करून १५ मिनिटं थांबा. हीटरची तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते.
– पाणकावळा

---

यूव्ही नको. हिरव्या पाण्यावर त्याचा उपयोग होतो, पण काचेवर चिकटलेलं शेवाळ त्याने जात नाही आणि अमोनियाही कमी होत नाही. शेवाळ दिव्यामुळे वाढतं, म्हणून रंगीत एलईडीऐवजी साधा दिवा आणि टायमर घ्या. सहा ते आठ तास भरपूर झाले.

सकर मासा तर अजिबात नको! दुकानात बोटाएवढा दिसतो, पण नेहमीचा सकर फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. काच चाटतो त्यापेक्षा जास्त घाण करतो. त्याला सफाई कामगार ठरवून विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

चुंबकाचा ब्रश चांगला, फक्त तळाशी नेऊ नका. वाळूचा एक कण अडकला तरी काचेवर कायमचा ओरखडा.
– शेवाळशत्रू

---

यादीत तीनच वस्तू नाहीत आणि त्याच सगळ्यात जास्त वापरल्या जातात: खडी साफ करायचा सायफन, क्लोरीन काढणारं द्रावण आणि पाणी तपासायचं किट.

सायफनची नळी फार जाड नको. नाहीतर दोन फुटी टाकीत खडी निम्मी साफ व्हायच्या आत ठरलेलं पाणी बादलीत गेलेलं असतं. आठवड्याला १२-१३ लिटर बदललंत की झालं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन (नळाच्या पाण्यात काही ठिकाणी क्लोरीनऐवजी असतं ते) उडत नाही. म्हणून द्रावणावर दोन्हींचा उल्लेख असलेलं घ्या.

किट थेंबांचं घ्या. पट्ट्या झटपट असतात, पण बऱ्याच पट्ट्यांवर अमोनिया नसतोच, आणि तुम्हाला सुरुवातीला तोच बघायचा आहे. रिकाम्या टाकीत थोडं खाद्य टाकून अमोनिया तयार होऊ द्या, आणि तो व नायट्राइट वाढून पुन्हा शून्यावर येईपर्यंत मासे आणू नका. त्याला चार ते सहा आठवडे लागू शकतात.

जाता जाता, बहिणीची खडी टोकदार असेल तर बदला. कोरीडोरास मिशांनी तळ चाचपतात, त्या झिजतात. बारीक गोल वाळू उत्तम.
– मोजपट्टी

---

सगळ्यांचे आभार! झाकणाला मागे खाच आहे, म्हणजे हँग-ऑन ठरला. वीज गेली तर म्हणून एक छोटा स्पंज फिल्टरही आत ठेवीन. यूव्ही, कॅनिस्टर, सकर बाद. खडी टोकदारच निघाली.

एक शेवटचं. जुन्या फिल्टरमधला स्पंज नव्यात घातला तर ते चार-सहा आठवडे वाचतील का? बहिणीने टाकी रिकामी करून बरेच महिने झालेत.
– सोनपंखी

---

नाही, वाळलेल्या स्पंजमधले जिवाणू गेले असं धरून चाला. ओळखीत कोणाची निरोगी, चालू टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागा आणि त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा. त्याने बराच वेळ वाचेल, किट मात्र तरीही रोज वापरा. आणि पुढे कधीही स्पंज थेट नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा.
– तळ्याकाठी