विषय: पुढच्या डिफरन्शियलचा आवाज आणि गळती (मंडळाचं काम नाही, आधीच माफी)

नमस्कार मंडळी,

कार्यक्रमांचं सामान वाहणारी माझी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, बऱ्याच जणांनी ढकललीही आहे. तीन आठवड्यांपासून ताशी ५०-६० च्या पुढे गेलं की पुढून 'हूंऽऽऽ' असा एकसुरी आवाज येतो. सकाळी गाडीखाली तळहाताएवढा तेलाचा डाग असतो. वर्कशॉपमधल्या माणसाने खालून टॉर्च मारली आणि 'पुढचं डिफरन्शियल गेलं, पूर्ण बदला' म्हणून मोकळा झाला. म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोर वाटणारी गिअरची पेटीच बदलायची. चाक फिरवूनसुद्धा बघितलं नाही. कुणाला यातलं कळतं का?

– आपला खजिनदार

---

खजिनदारसाहेब,

एवढ्यावरून डिफरन्शियल बदलायचं म्हणजे खोकला ऐकून फुप्फुस काढण्यातला प्रकार झाला. गळती आणि आवाज हे एकच दुखणं आहे की दोन, ते आधी ठरवू.

तेलापासून सुरू करा. बोट लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, दोनदा हात धुतले तरी जात नाही. लालसर आणि पातळ निघालं तर ते बहुतेक गिअरबॉक्सचं किंवा स्टिअरिंगचं, म्हणजे चौकशीची दिशाच बदलली. डाग जिथे पडतो तिथेच गळतं असं समजू नका. धावत्या गाडीत वारा तेल मागे फेकतो. डिफरन्शियलचं सगळं हाऊसिंग (बाहेरचं कवच) स्वच्छ पुसा, कोरडं झाल्यावर वर टाल्कम पावडर उडवा, १५-२० किलोमीटर फिरून या आणि सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. पुढच्या डिफरन्शियलचं पिनियन (जोर आत घेणारा छोटा गिअर) मागे, ट्रान्सफर केसकडे (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीकडे) तोंड करून असतं. तिथलं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी), दोन्ही ॲक्सलची सीलं आणि कव्हरचं गास्केट, एवढेच मुख्य संशयित.

आता आवाज. तुमच्या गाडीला हाताने फिरवायचे हब आहेत ना, पुढच्या चाकांच्या मधोमध, चाक ॲक्सलला जोडणारे-सोडणारे? मग अर्धं निदान फुकटात होतं. गाडी टू-व्हीलवर (फक्त मागच्या चाकांना जोर) ठेवा, हब लॉक करा आणि चालवा. या स्थितीत पुढची चाकं डिफरन्शियलला नुसती फिरवत असतात, इंजिनाचा जोर तिथे पोचतच नाही. तेव्हा ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाज बदलत असेल तर पुढचं डिफरन्शियल सोडा, मागचं तपासा. नंतर हब फ्री करून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जा. आता पुढचे ॲक्सल, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून डिफरन्शियलपर्यंतचा दांडा) तिन्ही थांबलेले असतात. चाकाचं बेअरिंग आणि टायर मात्र फिरतच राहतात. आवाज राहिला तर दोष त्या दोघांत. गेला तर डिफरन्शियलकडे वळू.

लेव्हल बघताना एक पाळा: गाडी सपाट जागी, आणि आधी भरायचा प्लग सोडवायचा, मग खालचा. खालून तेल काढून बसलात आणि वरचा प्लग गंजून अडकला, तर कोरडं डिफरन्शियल घेऊन बसाल. माझं एकदा झालं आहे, फार बोलत नाही. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. घोडी लावा, मागच्या चाकांना दगडाचा अडसर लावा.

– नेपथ्यवाले काका

---

काका,

हब फ्री केल्यावर आवाज साफ बंद! लॉक केल्यावर परत सुरू, ॲक्सिलरेटरने काही फरक नाही. वास गंधकाचाच. पावडर ओली झाली ती पिनियनच्या फ्लँजभोवती (शाफ्ट जोडतात त्या चकतीभोवती). भरायचा प्लग सोडवताना 'फुस्स' करून हवा सुटली, आणि आत बोट घातलं तर पेराच्याही खाली गेल्यावर तेल लागलं. हवा कशाची?

---

दादा, मधे बोलते. ती 'फुस्स'च खरी बातमी आहे. ब्रीदर बघा! हाऊसिंगच्या वरच्या बाजूला एक छोटी टोपी किंवा रबरी नळी असते. चालून तेल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर जाते. ते तोंड चिखलाने बुजलं की दाब सीलवर येतो आणि तेल सीलच्या ओठावरून बाहेर ढकललं जातं. मी वर्षात दोनदा पिनियन सील बदललं, दोन्ही वेळा गळलं. तिसऱ्यांदा नळी काढून फुंकली तर फुंकर जाईना. तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की उलटं होतं: आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर ते पाणी समजा.

सील बदलणार असाल तर फ्लँजवर नख फिरवा. सीलचा ओठ घासून तिथे चर पडलेला असला तर नवं सीलही टिकत नाही.

– ग्रंथालयवाली ताई

---

ताईंचं बरोबर, साखळी जुळते: ब्रीदर बंद, सील गळलं, तेल उतरलं, पिनियनचं बेअरिंग उपाशी. पिनियन चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतं, तेल कमी पडलं की आधी ओरडणार तेच. प्रोपेलर शाफ्ट खोलून बाजूला करा आणि फ्लँज धरा. फिरवताना थोडा ढिलेपणा लागला तर घाबरू नका, क्राऊन (पिनियन ज्यात अडकतं ते मोठं दातेरी चाक) आणि पिनियनच्या दातांमध्ये तेवढी फट ठेवलेलीच असते. वरखाली किंवा आतबाहेर हलली तर बेअरिंग गेलं. प्लगच्या लोहचुंबकावर काळी मऊ पेस्ट चालते. नखाला टोचणारे तुकडे चालत नाहीत.

– काका

---

ब्रीदरमध्ये वाळलेला चिखल ठासून बसला होता. तेल बदललं, ७५डब्ल्यू-९० (दाटपणा), जीएल-५ (दर्जा), पुस्तिकेत आहे तेच. आवाज निम्मा झाला पण गेला नाही. फ्लँज आतबाहेर किंचित हलते. चुंबकावर फक्त पेस्ट. सील मी स्वतः बदलू का?

---

नुसतं सील नको. बेअरिंगही बदलायचं आहे आणि ते घरच्या पान्यांचं काम नाही. बऱ्याच डिफरन्शियलमध्ये पिनियनच्या नटामागे चेपणारी स्लीव्ह असते; नट अंदाजाने आवळला तर बेअरिंगवर जादा दाब येऊन नवं बेअरिंगही जळतं. प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरलेला दाब) मोजून बसवणारा मेकॅनिक शोधा, दात बघायला सांगा. दात शाबूत असले तर पूर्ण डिफरन्शियल बदलायचं कारण नाही.

तोवर हब फ्री, टू-व्हील. सामान नेता येईल, पण चिखलाच्या मैदानावरचा कार्यक्रम घेऊ नका.

– काका

---

कळलं. शनिवारी गाडी देतो. मंच वाहायला दुसरी गाडी लागेल, कोणाची आहे?

– खजिनदार