माणसांनंतरचे सोलापूर : मुलांसाठी प्राणिकथा

प्रश्न : नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी मी एक कादंबरिका लिहीत आहे, तिच्यात माणसे नाहीशी झाल्यानंतर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरचे प्राणी शहरात येतात. माणसे का गेली, हे सांगणे आवश्यक आहे का?

उत्तर १ : माझ्या मते मुळीच नाही. ते कारण प्राण्यांना ठाऊक नसणारच. भुईकोट किल्ल्याच्या तटात पिंपळाची मुळे शिरून दगड सुटले आहेत, एवढे दाखवले तरी किती काळ लोटला हे मुले ओळखतात.

उत्तर २ : माळढोक पक्ष्याच्या मादीला नायिका करावे, असे मनापासून वाटते. ती बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, त्यामुळे प्रत्येक रात्र आपोआपच कथा होते. शिवाय या पक्ष्याला उडताना समोरचे नीट दिसत नसल्याने तो विजेच्या तारांवर आदळून मरतो; वीज गेली तरी तारा वर्षानुवर्षे ताणलेल्याच राहतील, आणि माणूस नसतानाही त्याने मागे ठेवलेला हा धोका मुलांना कळावा.

उत्तर ३ : लांडग्याला मात्र कृपया खलनायक करू नका. धनगरांची मेंढरे उरली नाहीत की तो काळविटांमागेच धावणार.