नाताळच्या सुट्टीत ‘थोडी घेऊन’ मुलांशी खेळायचं? मला हे अजिबात पटलेलं नाही

कॉलेज रोडची आई

मुलीच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरत आली. कॅनडात राहणाऱ्या एका मराठी आईची. गांजा घेणाऱ्या आईबाबांनी नाताळच्या सुट्टीत कुठे न जाता घरीच मुलांसोबत काय काय करावं, याची यादी. गोधड्यांचा किल्ला, कुकीज, जिगसॉ, चित्रं रंगवणं, रात्री पॉपकॉर्न आणि सिनेमा. इथवर माझी काही तक्रार नाही. पण मध्येच लिहिलंय की रंगवायला बसण्याआधी अर्धी गमी (गांजा घातलेली जेलीची गोळी) घेतली की हातातला मोबाइल सुटतो, आपण मुलांच्या वेगाला येतो आणि ‘खरे हजर’ असतो. त्याखाली आपल्याच नाशिकच्या दोघांनी बदाम टाकले आणि एकाने विचारलं, ‘आपल्याकडे कधी येणार हे?’

ग्रुपवर लिहिलं तर ॲडमिन उडवणार, म्हणून इथे लिहितेय.

तिच्याकडे गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, मला माहीत आहे. माझा मुद्दा कायद्याचा नाहीच. खाल्लेला गांजा चढायला अर्धा ते दोन तास लागतात आणि उतरायला त्याच्या कितीतरी पट. त्या वेळात पोराने ओव्हनचा गरम ट्रे ओढला तर गाडी कोण काढणार? आणि ‘हजर’ आहोत की नाही हे आपण ठरवायचं की मुलाने? माझी मुलगी चित्र दाखवते तेव्हा कागद माझ्यापुढे धरते आणि बघते मात्र माझ्या डोळ्यांकडे. मी नुसतं ‘छान’ म्हटलं की तिला कळतं. मुलांना सगळं कळतं.

आणि नाशिकच्या डिसेंबरात घरी कोंडून घ्यायची गरजच काय? नांदूर मध्यमेश्वरला पाखरं आलीत, पांडवलेणी चढायला सकाळी ऊन कोवळं असतं, हुरडा सुरू होतोय.

ब्रॅम्प्टनहून पंचवटीकर

ताई, मी पंचवटीतच वाढलो, आता कॅनडात असतो. नाशिकच्या उन्हात बसून या यादीची चेष्टा करणं सोपं आहे. इथे पाच वाजायच्या आत अंधार पडतो, बाहेर बर्फ, शाळा दोन आठवडे बंद, आजी-आजोबा सातासमुद्रापार. त्या बाईने निदान मुलांसोबत काय करायचं याचा विचार तरी केलाय. इथल्या खाण्याच्या पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य) घालायला परवानगी नाही आणि झाकण असं की मोठ्यांनाही जोर लावावा लागतो. माझी बायको मुलं झोपल्यावर घेते. ती माझ्या ओळखीतल्या कुठल्याही आईपेक्षा कमी नाही, हे मी कोणाकडूनही ऐकून घेणार नाही.

आणि तुमच्या गंगापूर धरणाच्या बाजूला याच सुट्टीत लोक पोरं घेऊन वायनरीत बसतात. त्यावर धागा कधी काढताय?

रात्रपाळी (बालरुग्ण विभाग)

झाकणाचं सांगू नका हो. अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे ६ वर्षांखालच्या मुलांनी गांजाचे खाद्यपदार्थ खाल्ल्याच्या २०१७ साली २०७ नोंदी होत्या, २०२१ साली ३,०५४. झाकणं तिथेही असतातच. गमी दिसते चॉकलेटसारखी, लेकरू खाणारच.

आणि हे परदेशातलं दुखणं नाही. मागे एका महाशिवरात्रीच्या रात्री चार वर्षांचं पोर आणलं. हाक मारली तर डोळे उघडायचे, परत मिटायचे, मान टाकत होतं. पडलं का, ताप होता का, फिट आली का, सगळं विचारलं. आईबाप एकमेकांकडे बघत गप्प. आम्ही मेंदूज्वराच्या दिशेने निघालो होतो. शेवटी आजीने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘भांगेच्या थंडाईचा पेला ओट्यावर राहिला होता.’ तोवर त्या जिवाला किती सुया टोचून झाल्या होत्या. घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, पोराने खाल्लं तर दारातच सांगा. आम्ही आधी लेकरू बघतो.

निफाडचा बागाईतदार

वायनरीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. वाईन आणि गांजा एका ताटात वाढू नका. या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसतो आम्ही, पारा घसरला की मणी तडकतात. अवकाळीने एकदा झोडपलं की वर्षाचं कर्ज उरावर. वाईनच्या द्राक्षाला निदान करार असतो, शेनिन किंवा शिराजचा भाव आधी ठरतो. खायच्या द्राक्षाला, थॉमसनवाल्याला, व्यापारी शेवटच्या दिवशी फोन उचलत नाही. २०२२ साली सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा ‘महाराष्ट्र बुडाला’ म्हणून बोंबललेल्यांपैकी एकजण तरी आमच्या बांधावर आला का? वायनरीत मुलांना कोणी वाईन पाजत नाही. पिझ्झा खातात, हिरवळीवर पळतात, मळा बघतात. त्यात काय बिघडलं?

सिडकोतला, जुना

काय बिघडलं ते मी सांगतो. माझा बाप कंपनीतून सुटला की देशी दुकानावर थांबायचा. आई मला पाठवायची, ‘बापाला घेऊन ये.’ मी बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहायचो आणि आतून बाप म्हणायचा, ‘पाच मिनिटं.’ गेल्या नाताळात मेव्हण्याने हट्टाने वायनरीत नेलं. तिथे कोपऱ्यातल्या खुर्चीत एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा मोबाइल घेऊन बसला होता. दर थोड्या वेळाने उठून बापाच्या टेबलापाशी जायचा, बाप बोटाने खूण करायचा, पाच मिनिटं. मला तिथे बसवेना, उठून पार्किंगमध्ये आलो. फरक एवढाच, की माझ्या बापाला गल्ली दारुडा म्हणायची आणि त्या साहेबाच्या फोटोला दोनशे लाइक पडतात.

निफाडचा बागाईतदार

तुमच्या बापाचं दुःख मोठं आहे, पण त्याचा राग माझ्या मळ्यावर काढू नका. तो मुलगा कंटाळला तो बापामुळे. द्राक्षामुळे नाही.

सिडकोतला, जुना

मग ब्रॅम्प्टनवालाही तेच म्हणतोय, की दोष गमीचा नाही. त्याला का झापता? तुमचं पीक आहे म्हणून एक न्याय आणि त्याचं पाकीट आहे म्हणून दुसरा?

निफाडचा बागाईतदार

कारण माझं पीक कायद्यात बसतं! त्याचं इथे बसत नाही. आणि मेव्हण्याच्या पैशाने आत गेलेल्याने मला न्याय शिकवू नये.

कोर्टाजवळचा

वैयक्तिक जाऊ नका. कायद्याचं थोडक्यात: १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून भांग त्या कायद्यातून सुटते. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि विनापरवाना भांग त्यात अडकते. गांजा ओढताना सापडलात तर एनडीपीएसच्या कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आपल्याकडे कधी येणार’ विचारणाऱ्याने हे वाचून ठेवावं. कॅनडाहून येताना कोणी खाऊच्या डब्यात गमी टाकून आणत असेल तर त्यानेही.

त्र्यंबक रोड

चिलमीचं काय मग? कुंभात साधू उघड्यावर ओढतात, लोक वाकून पाया पडतात, पोरं बघत असतात. आता साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, तपोवनातली झाडं तोडायला निघालेत. मुलांना सुट्टीत न्यायला सावली तरी शिल्लक ठेवा, मग कोण काय ओढतं ते बघू.

कॉलेज रोडची आई

तपोवनाचा वेगळा धागा काढा, मी सही करायला येते. इथे नको.

सिडकोतले दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. बागाईतदार, मी वाईनच्या विरोधात नाही. पण सुट्टी मुलाची म्हणायची आणि जागा आपल्या ग्लासासाठी निवडायची, हे मला गमीइतकंच खटकतं. आणि रविवारी संध्याकाळी गंगापूर रोडला परतणाऱ्या गाड्या कशा चालतात ते मी रोज त्या रस्त्याने जाणारी बाई म्हणून सांगते. मागच्या सीटवर पोरं असतात.

निफाडचा बागाईतदार

पिऊन गाडी चालवू नये, एवढ्यावर माझी सही घ्या. पुढचं नाही.

ब्रॅम्प्टनहून पंचवटीकर

रंगवण्याआधीचं ते वाक्य तिने लिहायला नको होतं, हे मान्य. आमच्याकडे एकजण पूर्ण शुद्धीत असतोच, तसा आमचा नियम आहे. पण गांजा घेणारी आई म्हणजे बेजबाबदार, हे मी मानणार नाही.

अंबड, दुसरी पाळी

‘आपल्याकडे कधी येणार’ हे मी लिहिलं होतं.

मी गांजा घेत नाही. कधी घेतलेला नाही. पाळीवरून आलो की डोक्यात मशीन चालूच असतं, मुलगा ठोकळे घेऊन बसतो आणि माझं बोट फोनवर. ती बाई म्हणते मोबाइल सुटतो, तेवढ्यासाठी लिहिलं. मुलाच्या शाळेला आठवडाभर सुट्टी आहे, मला फक्त २५ तारखेची. पांडवलेणी चढायची ताकद नसते ताई. तुमच्या यादीत थकलेल्या माणसाला काय आहे?

कॉलेज रोडची आई

हे ग्रुपवर लिहिलं असतं तर मी चिडले नसते. डोंगर चढू नका. फोन स्वयंपाकघरात ठेवून त्याच्या ठोकळ्यांशेजारी आडवे पडा. तो तुमच्या पोटावर गाडी चालवेल. झोप लागली तर लागली, त्याने हलवलं की जागे व्हाल ना, मग झालं. पण ती पोस्ट आणि तुमचा प्रश्न अजून ग्रुपवर आहे. आमच्या घरी तोच फोन मुलीच्या हातात असतो. प्रश्न काढा, पोस्ट काढायला मी ॲडमिनला सांगते.

अंबड, दुसरी पाळी

माझा काढतो. मग त्याच ग्रुपवर रविवारी टाकलेले वायनरीतले फोटोही काढायला सांगा. त्यातल्या तिघांच्या एका हातात ग्लास आहे आणि मांडीवर मूल.