कॅलेथियाच्या कडा करपतात ते फवाऱ्याअभावी नव्हे

ताई, परभणीत दिवसातून तीनदा फवारा मारूनही कॅलेथियाच्या (घरात लावतात त्या नक्षीदार पानांच्या शोभेच्या झाडाच्या) पानांच्या कडा करपतायत म्हणता. मेमधल्या आपल्या हवेत फवाऱ्याचं पाणी पाहता पाहता उडून जातं, झाडाला त्याचा फारसा उपयोग नाही. कुंडीखाली खडे आणि पाणी भरलेला ट्रे ठेवूनही थोडाच फरक पडतो.

माझा संशय पाण्यावर आहे. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढलीत का बघा. बोअरच्या पाण्यातले क्षार मातीत साठतात आणि पानांची टोकं-कडा आधी जळतात. आरओचं वाया जाणारं पाणी तर चुकूनही घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त. (आपल्याकडे पाण्याची इतकी चणचण की ते टाकवत नाही, पण त्यानं फरशी पुसा.) आरओचं शुद्ध पाणी, साठवलेलं पावसाचं किंवा एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी चालतं. एकदा असं पाणी भरपूर ओतून खालून निथळू द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातील.

दमटपणासाठी आपला कूलरच बरा. झाड त्याच खोलीत ठेवा, फक्त थेट झोतात नको. उन्हाच्या खिडकीपासूनही लांब.

रात्री पानं उभी राहतात, त्यानं घाबरू नका, ती त्याची सवयच आहे. भर दिवसा पान सुरळीसारखं वळलं तर मात्र मातीत बोट घालून ओल बघा. पानामागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी ही कीड लागली समजा. ओल्या फडक्यानं मागची बाजू पुसायची, आठवडाभरानं पुन्हा.

करपलेली कड हिरवी होणार नाही. नवं पान कसं येतं ते कळवा.